आमचे नऊ खुंट

वकीलसाहेबांनी आमचा ओला ताणा कोयत्यानं कापला, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवतो. मी पंचेचाळिशी ओलांडली, चष्मा लागला, गुडघे बोलायला लागले. निवले मात्र नाही. पण जे करायचं होतं ते मी त्याच जत्रेत करून घेतलं, त्यामुळे रागाचा त्रास होत नाही. घरातल्या जुन्या पाट्यासारखा तो एका कोपऱ्यात असतो.

आमची गल्ली हातमागवाल्यांची. घरात बोलणं तेलुगू. मी मुनसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकले, म्हणून हे लिहिता येतंय. गल्लीच्या पूर्वेला मोठा मुरमाड माळ होता. संक्रांतीची जत्रा झाली की त्या माळावर कुस्त्यांचा फड भरायचा. मध्ये लाल मातीचा हौद आणि भोवती माणसंच माणसं. पुढचे मांडी घालून, त्यामागचे गुडघ्यांवर, त्यामागचे उभे, आणि अगदी मागचे बैलगाड्यांवर चढलेले. माणसांचं कुंपण तेवढंच. कुंभारीचा शेतकरी असो, गिरणीतला कामगार असो नाहीतर दुधनीचा अडत्या, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो बसायचा.

गल्ली आणि माळ यांच्यामध्ये एक लांब पट्टा होता. त्यात बाभळीचे नऊ खुंट एका रांगेत पुरलेले, छातीइतक्या उंचीचे. ते चार घरांनी मिळून पुरले होते, माझ्या सासऱ्यांच्याही आधी. त्या खुंटांवर आम्ही पाजणी करायचो. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर धागे विणताना पिंजतात आणि तुटतात. पहाटे उजाडता उजाडता सगळा ताणा खुंटांवर लांबलचक ताणायचा, ज्वारीच्या पिठाची पातळ खळ त्याला लावायची, आणि दोघींनी दोन बाजूंनी मोठे कुंचे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, सूत वाळेपर्यंत. मध्येच थांबायचं नाही. ओला ताणा उचलायचा तर अजिबात नाही. उचलला की धागे एकमेकांना चिकटतात आणि मग तो ताणा राहत नाही, जाड पट्टा होतो. एवढी सरळ आणि मोकळी जागा गल्लीला दुसरी नव्हती. ती गेली असती तर आमचे माग गेले असते.

तीस साली शहरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधी दोन वर्षं, थंडीत, शहरातल्या चार मोठ्या माणसांनी कुस्त्यांची कमिटी काढली. आता फड शिस्तीत भरणार, बाहेरगावचे नामी मल्ल येणार, तिकीट लागणार, आणि तिकीट नसलेल्याला दिसू नये म्हणून सगळ्या माळाला बांबू आणि तरटाचं कुंपण होणार. कमिटीचे सेक्रेटरी एक वकील होते. कुस्तीचं त्यांना खरंच वेड होतं, हे मी नाकारत नाही. जत्रेआधी ते स्वतः गल्लीत आले होते. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अत्तम्मा म्हणायचो. त्यांच्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "कुंपण तुमच्या पट्ट्याच्या पलीकडून जाईल. काळजी करू नका." जाताना एका खुंटावर त्यांनी थाप मारली आणि म्हणाले, "भक्कम आहेत हो." ती थाप मी तेव्हाच ध्यानात ठेवायला हवी होती.

फड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पहाटे मी आणि अत्तम्मांनी ताणा लावला. लग्नसराईच्या लुगड्यांचा होता. त्यातला धागा न् धागा अत्तम्मांनी बोटांनी सांधलेला, दीड महिना बसून. खळ लावून झाली होती, कुंचे चालू होते, तेवढ्यात बांबूंच्या गाड्या आल्या. कुंपणाचा मुकादम कुंभारीचा होता, पटक्यातला, मोठ्या मिशांचा.

"आक्का, जरा बाजूला घ्या की हे," तो म्हणाला. "खुंटास्नी बांबू बांधायचेत."

"कुठल्या खुंटांना?"

"ह्याच की. मुरूम लई कठीन हाय, पहार उडतीया. सायेब म्हनले, खुंट हायतच, त्यालाच बांधा."

"खुंट आमचे आहेत. आणि ओला ताणा हलवता येत नाही. ऊन वर येईपर्यंत थांबा."

"थांबतो की. आमच्या बापाचं काय जातंय?" असं म्हणून तो गाडीच्या दांडीवर बसला आणि त्यानं विडी पेटवली. त्याचे गडीही बसले. माणूस समजूतदार होता.

तेवढ्यात वकीलसाहेबांचा टांगा आला. जरीकाठी पागोटं, काळा कोट. ते खाली उतरले आणि आधी मुकादमावर घसरले.

"काय रे, पंगतीला बसलाय का?"

"ताना वाळतोय, सायेब."

मग ते माझ्याकडे वळले. "ए बाई, उचल हे."

"उचललं तर चिकटेल, साहेब. तासाभरात वाळेल. मग तुमचं काय ते करा."

"तासाभरात पाहुणे जागा बघायला येतायत. तुझ्यासाठी मी त्यांना टांग्यात बसवून ठेवू? धागेच तर आहेत. तोड, आणि मागाहून गाठ मार." मुकादमाला म्हणाले, "घे रे कोयता."

"म्या न्हाय, सायेब. सुताला कोयता लावत न्हाईत आमच्यात."

वकीलसाहेबांनी त्याच्या हातातून कोयता घेतला. दोन घाव घातले. ताणलेला ताणा कापला की तो पडत नाही, उसळतो. दोन्ही तुकडे दोन टोकांकडे झेपावले, धागे वेगळे ठेवणाऱ्या मधल्या काटक्या उडाल्या, खळ माझ्या तोंडावर आली. मग सगळं सूत मातीत लोळलं. अत्तम्मांनी हातातला कुंचा शांतपणे बादलीत ठेवला आणि त्या घरात गेल्या. त्यानंतर त्या सांधायला कधी बसल्या नाहीत. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. डोळे तसे बरे होते.

दुसऱ्या दिवशी चार घरच्या आम्ही बायका वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते ओटीवर होते, शेजारी त्यांचा कारकून लिहीत बसला होता. आम्हाला पायऱ्यांच्या खालीच उभं केलं. मी म्हटलं, "कुंपण दोन हात पलीकडे घ्या. आमचे माग बंद पडलेत."

"जागा मुनसिपालिटीची आहे, परवाना कमिटीचा आहे," ते म्हणाले. "आणि हे काही आठ दिवसांचं नाही. पुढच्या वर्षी आम्ही तारेचं पक्कं कुंपण करणार आहोत, ह्याच रेषेत. तुम्ही दुसरीकडे कुठेतरी जागा बघा."

"आणि खुंट?"

"खुंटांचं काय?"

"ते आमचे आहेत."

ते हसले. कारकुनाकडे बघून म्हणाले, "असू देत की. तुमचेच आहेत. कोण नेतंय तुमचे खुंट?"

कारकूनही हसला. मी हात जोडले आणि निघाले. बाकीच्या बायका वाटेत रडवेल्या झाल्या होत्या. मी झाले नाही. मला जे हवं होतं ते त्यांनी साक्षीदारासमोर बोलून दिलं होतं.

पुढचे सहा-सात दिवस कुंपणाआडून हलगी वाजत राहिली. आमच्या घरातले माग गप्प. माझा नवरा मात्र रोज कुस्त्यांना. ताणा कापला त्या दिवशी तोही खूप बोलला होता, वकिलाला उचलून आपटण्याची भाषा केली होती. पण तिकीट त्यानं आधीच काढून ठेवलं होतं आणि कुस्ती म्हणजे कुस्ती. रोज जेवताना कोणी कुणावर कोणता डाव टाकला हे तो सांगायचा, आणि मी ऐकून घ्यायचे. शेवटच्या रविवारी सगळ्यात मोठी कुस्ती होती. कमिटी निघाल्यापासून पत्रं लिहून वकीलसाहेबांनी बाहेरगावच्या एका नामी मल्लाला इथल्या गड्याशी खेळायला राजी केलं होतं. तो म्हणाला, "ही कुस्ती बघितली की डोळे मिटायला मोकळे, असं वकील सगळ्यांना सांगत फिरतोय." ते वाक्य मी जपून ठेवलं.

कापलेला ताणा मी टाकला नव्हता. टाकून काय मिळणार? धुतला, वाळवला, आणि तीन पदरी दोर वळला. चांगला झाला. विहिरीला चालला असता.

शुक्रवारी अत्तम्मा दारात बसून कुंपणाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "यंदा डांबर राहिलं."

आमची रीत होती. जत्रा उलटली की खुंट उपटायचे, बुडाला गरम डांबर फासायचं आणि परत पुरायचे. माळाला वाळवी फार. एक वर्ष चुकलं की बाभूळसुद्धा पोकळ होते.

मी म्हटलं, "रविवारी काढू."

शेजारची म्हणाली, "अगं, रविवारी मोठी कुस्ती ना?"

"हो."

अत्तम्मांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांचे डोळे अगदी चांगले होते. म्हणाल्या, "मग दुपारीच काढा. उन्हात डांबर पातळ राहतं."

कोरड्या मुरमातून खुंट निघत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळपासून आम्ही प्रत्येक खुंटाच्या बुडाशी घागर घागर पाणी ओतायला लागलो. शनिवारी मुकादमानं बघितलं.

"आक्का, खुंटास्नी पानी? पालवी फुटायची वाट बघताय व्हय?"

"हो. शेंगा लागल्या की तुमच्या शेरडांना देते."

तो हसला. मग त्यानं सहज एका खुंटाला पाय लावला. खुंट हलला. त्यानं पाय काढून घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि चालता झाला.

रविवारी दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी तीन दगड मांडून डांबराचा डबा तापत ठेवला. उघड्यावर, सगळ्यांना वास येईल असा. लपवायचं काही नव्हतं. मुकादम आला.

"काय शिजतंय?"

"डांबर. खुंटांना लावायचं. वाळवी लागते."

त्यानं डब्याकडे बघितलं, पहारीकडे बघितलं, दोराकडे बघितलं. "कवा काढनार?"

"मोठी कुस्ती लागली की."

"मग मी जरा चा पिऊन येतो," तो म्हणाला. "लांबच्या हाटेलात जातो. हितला चा लई पानचट."

आता कुंपणाच्या आतली मांडणी सांगायला हवी. आमची बाजू पश्चिमेची. दुपार कलली की कुंपणाची सावली आत पडायची, आणि त्या सावलीत वकीलसाहेबांनी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तरटाला जवळजवळ पाठ टेकून. ती जागा त्यांनीच निवडलेली. हे मला माझ्या नवऱ्यानं जेवताना सांगितलं होतं. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं मी का विचारते.

हलगीचा ठेका बदलला, आत एकदम शांतता झाली आणि मग आरोळी उठली. आम्ही मधल्या खुंटाला दोर बांधला. तिघींनी ओढला, एकीनं पहार घातली. खुंट दातासारखा निघाला. बांबू वर सुतळीनं त्याला बांधलेले होते. सुतळ्या मी सोडून दिल्या. दुसरा काढला. तिसरा काढला. चौथ्याला कुंपण आत झुकलं आणि तरटामागून कुणीतरी दोन्ही हातांनी ते थोपवलं. दोन तरटं जिथं शिवली होती तिथले टाके तुटून वीतभर फट पडली, आणि फटीत वकीलसाहेबांचं तोंड दिसलं.

"कोण आहे? कुंपण का हलतंय?"

"आम्ही आहोत, साहेब. खुंट काढतोय."

"काढताय? कशाला?"

"डांबर लावायला. दर वर्षी लावतो."

"आत्ता? ए बाई, वेड लागलंय का तुला? आत कुस्ती लागलीय! ठेव तो जागेवर."

"ओला आहे, साहेब. डांबर वाळल्याशिवाय पुरता येत नाही."

पाचवा निघाला. त्यांच्या हातांवर वजन आलं, तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान वळवून कारकुनाला हाक मारली. पण हौदाभोवती तेव्हा बाप लेकाला ओळखत नव्हता, कारकून कुठून ऐकणार? पाहुणे त्यांच्या पाठीमागे दीड हातावर, सगळे पुढे वाकलेले. हात सोडले असते तर बांबू पाहुण्यांच्या टाळक्यात बसले असते.

"अहो बाई," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'अहो' आलं. "अहो, ऐका जरा. पाहुण्यांच्या डोक्यावर पडेल हे सगळं. दोन खुंट तरी परत लावा."

"काठ्याच तर आहेत, साहेब," मी म्हटलं. "धरा, आणि मागाहून गाठ मारा."

त्यांना ते आठवलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते, म्हणून मला ठाऊक आहे.

सहावा आणि सातवा काढला. दोन टोकांचे दोन मी मुद्दाम ठेवले. कुंपण पाडायचं नव्हतं. पडलं असतं तर ते मोकळे झाले असते.

कुंपण असं कंबरेत वाकल्यावर त्याची वरची कड खाली आली आणि आमच्या गल्लीच्या कट्ट्यांवरून हौद स्वच्छ दिसायला लागला. तिकीट न मिळालेले गिरणीवाले कट्ट्यांवर चढले. मलाही वकीलसाहेबांच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. ते मात्र तरटाकडे तोंड करून उभे, दोन्ही हात वर, पागोटं एका कानावर. त्यांच्या पाठीमागे माणसं ओरडत होती. एकदा अशी आरोळी उठली की त्यांनी मान वळवायला बघितलं, तसं कुंपण आणखी खाली आलं आणि त्यांना परत तरटाकडे वळावं लागलं.

"कोण वर आहे?" त्यांनी मला विचारलं. हळू, अगदी विनवल्यासारखं.

"मला बायकामाणसाला काय कळतं कुस्तीतलं, साहेब?"

सगळं कळत होतं. सात रात्री जेवणात दुसरं काय होतं? पाहुण्या मल्लानं पट काढून आमच्या इथल्या गड्याला खाली घेतलं होतं, मानेवर गुडघा दिला होता. आपला गडी पालथा, मातीला छाती चिकटवून. मग तो कोपरावर फिरला, कसा फिरला देव जाणे, आणि वरचा खाली आला. मी बघत होते आणि ते मला बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते शोधत होते. मी चेहरा दगडासारखा ठेवला. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकं कष्टाचं काम दुसरं केलेलं नाही. मग टोप्या उडाल्या, फेटे उडाले, माणसं हौदात घुसली. संपलं.

पाहुणे उठून पुढे गेले तेव्हा त्यांनी हात सोडले. तरट, बांबू, सगळं रिकाम्या खुर्च्यांवर कोसळलं. ते त्यावरूनच तुडवत आमच्याकडे आले. तळहातांना बांबूच्या कुसळांनी रक्त आलं होतं.

"तुमच्यावर केस करीन," ते म्हणाले.

"करा. आधी खुंट कुणाचे ते लिहा. तुम्ही कारकुनासमोर आम्हाला सांगितलंत, 'तुमचेच आहेत' म्हणून."

ते वकील होते. त्यांना पुढचं सगळं दिसलं. वळले आणि निघाले. तेवढ्यात कारकून गर्दीतून धावत आला, आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं, त्यांनी त्याला विचारलं, "कोण जिंकलं?"

नवरा घरी आला. हात धुऊन पानावर बसला. भाकरी कुस्करली. मग म्हणाला, "ते पाच मिनिटं उशिरा केलं असतंस तर त्या वकिलाला निदान..."

"तर काय?"

"काही नाही. आमटी वाढ."

सोमवारी डांबर वाळलं. आम्ही खुंट होते त्याच खड्ड्यांत पुरले आणि शेजारच्या घरचा ताणा लावला. कुस्त्यांचं कुंपण तिथं पडलेलं होतं. दोन दिवसांनी गडी येऊन ते घेऊन गेले. केस झाली नाही. वकीलसाहेब रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघायचे. मी बघत राहायचे.

पुढच्या वर्षी जत्रेआधी मुकादम पहाटेच दारात आला. हातात सुतळीचा गुंडा.

"आक्का, तारेचं कुंपन घालायचंय. सायेब म्हनले, रेषा कुटं मारायची ते आधी त्या बाईला इचार."

"साहेब स्वतः का आले नाहीत?"

"टांग्यात हायत. कोपऱ्यावर."

मी कोपऱ्याकडे बघितलं. टांगा होता. पडदा टाकलेला. आमचा ताणा नुकताच लावला होता, खळ ओली होती.

"पाजणी चालू आहे," मी म्हटलं. "वाळली की सांगते."

मुकादमानं विडी पेटवली आणि तो बसला. त्या दिवशी आम्ही कुंचे जरा सावकाशच चालवले. सूत वाळलं, मग मी ते दोनदा तपासलं, गुंडाळलं, आत ठेवलं. ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. टांग्याचा घोडा पाय आपटत होता. मग मी घरातून आमचा दोर आणला, खुंटांपासून पलीकडे धरला आणि मुकादमाला म्हटलं, "इथून मारा."

त्यानं जमिनीकडे बघितलं. "आक्का, जुना पट्टा हितवर न्हवता. ही हातभर जास्ती हाय."

"आहे," मी म्हटलं.

त्यानं टांग्याकडे बघितलं. पडदा हलला नाही. त्यानं पहार मारली. ते हातभर अजून आमच्याकडे आहे.